लार्स ऑन्सागर

लार्स ऑन्सागर (२७ नोव्हेंबर १९०३ – ५ ऑक्टोबर १९७६) हे नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन भौतिकीय रसायनशास्त्रज्ञ व सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. अप्रत्यावर्ती प्रक्रियांच्या ऊष्मागतिकीचा पाया ठरलेल्या व्युत्क्रमी संबंधांच्या शोधाबद्दल त्यांना १९६८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भौतिकशास्त्राचे अभ्यासक मात्र त्यांना प्रामुख्याने ओळखतात ते द्विमितीय आयसिंग प्रतिमानाच्या अचूक उत्तरासाठी. अणूंच्या एकाच सपाट थरातील सूक्ष्म चुंबक विशिष्ट तापमानाखाली आपोआप एका शिस्तीत उभे राहू शकतात का, आणि ते संक्रमण नेमके कसे घडते, हे या उत्तरामुळे प्रथमच निःसंदिग्धपणे समजले. स्तरित स्फटिकांतील चुंबकीय क्रमबद्धतेचा पुढील सर्व अभ्यास या उत्तराच्या आधाराने उभा आहे.

बालपण व शिक्षण

ऑन्सागर यांचा जन्म नॉर्वेची राजधानी क्रिस्तियानिया (आताचे ऑस्लो) येथे झाला. वडील एर्लिंग ऑन्सागर हे वकील होते. आईचे माहेरचे आडनाव किर्केबी. तीन भावांत लार्स थोरले. शालेय शिक्षण ऑस्लोत पूर्ण करून १९२० मध्ये त्यांनी त्रोनहाइम येथील नॉर्वेजियन तंत्रशास्त्र संस्थेत प्रवेश घेतला व १९२५ मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची पदवी मिळविली. अभ्यासक्रम अभियंत्याचा असला, तरी त्यांचे लक्ष गणिताकडे होते. व्हिटेकर व वॉटसन या लेखकद्वयाचा आधुनिक विश्लेषणावरील जाडजूड इंग्रजी ग्रंथ त्यांनी विद्यार्थिदशेतच, त्यातील उदाहरणे सोडवीत, अभ्यासला. त्या ग्रंथातील विवृत्तीय फलनांची ओळख त्यांना वीस वर्षांनी चुंबकाच्या प्रश्नात उपयोगी पडली.

डिबाय यांची भेट

१९२३ मध्ये पीटर डिबाय व एरिख ह्यूकेल यांनी विद्युत् विच्छेद्य द्रावणांचा सिद्धांत मांडला होता. द्रावणातील प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचे एक वलय तयार होते, अशी त्यातील मुख्य कल्पना होती. विद्युत् संवाहकतेचे गणित करताना मात्र या दोघांनी निरीक्षणाखालील एक आयन विद्युत् क्षेत्राच्या दिशेने सरळ रेषेत सरकतो असे मानले होते. बाकीच्या आयनांना ब्राउनीय गतीची मुभा द्यायची आणि एकाला ती नाकारायची, ही विसंगती ऑन्सागर यांच्या ध्यानात आली. ती दूर केल्यावर सिद्धांत व प्रयोग यांतील तफावत मिटत होती.

१९२५ मध्ये ते झुरिकला गेले, डिबाय यांच्या कार्यालयात शिरले आणि त्यांचा सिद्धांत चुकीचा असल्याचे त्यांना सरळ सांगून मोकळे झाले. बावीस वर्षांच्या अनोळखी तरुणाचे म्हणणे ऐकून घेऊन डिबाय यांनी त्याला सहायकाची जागा देऊ केली, हे त्यांच्याही मोठेपणाचे म्हणावे लागेल. १९२६ ते १९२८ या काळात ऑन्सागर झुरिक येथे होते. सौम्य द्रावणाची संवाहकता संहतीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटते, हा कोलराउश यांना प्रयोगातून मिळालेला नियम आता सिद्धांतातून निघू लागला. डिबाय-ह्यूकेल-ऑन्सागर समीकरण या नावाने हे कार्य आजही पदवीच्या अभ्यासक्रमात शिकविले जाते.

अमेरिका : नोकऱ्या व व्युत्क्रमी संबंध

१९२८ मध्ये ऑन्सागर अमेरिकेत बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रुजू झाले. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि ते पूर्णतः फसले. श्रोत्याला काय ठाऊक नाही याचा अंदाज त्यांना कधीच येत नसे. एका सत्रानंतर त्यांना तेथून निरोप देण्यात आला. त्याच वर्षी प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन विद्यापीठात चार्ल्स क्राउस यांनी त्यांना जागा दिली. तेथे सांख्यिकीय यामिकी शिकविताना परिस्थिती फारशी वेगळी नव्हती. पुढे येल विद्यापीठातही त्यांच्या दुर्बोध व्याख्यानमालेला विद्यार्थ्यांनी नॉर्वेजियन भाग एक व नॉर्वेजियन भाग दोन अशी नावे ठेवली होती. ज्यांना पुरेशी पूर्वतयारी होती अशा मोजक्यांसाठी मात्र ते असामान्य शिक्षक ठरले. ब्राउन येथे त्यांच्या हाताखाली तयार झालेले रेमंड फ्युऑस पुढे येलमध्ये त्यांचे सहकारी झाले.

ब्राउनमध्ये असतानाच, १९३१ मध्ये, ऑन्सागर यांनी दोन भागांत व्युत्क्रमी संबंधांवरील निबंध प्रसिद्ध केला. तापमानातील फरकामुळे उष्णता वाहते व विद्युत् दाबातील फरकामुळे प्रवाह वाहतो, हे परिचित आहे. परंतु तापमानातील फरकामुळे विद्युत् प्रवाहही निर्माण होतो आणि विद्युत् दाबामुळे उष्णताही वाहते. या दोन आडव्या परिणामांचे गुणांक परस्परांशी समान असले पाहिजेत, असे ऑन्सागर यांनी दाखविले. रेणूंच्या पातळीवरील गतीचे नियम काळाची दिशा उलटली तरी बदलत नाहीत, या एकाच गृहीतकावर ही सिद्धता उभी आहे. लॉर्ड केल्व्हिन यांनी तापविद्युत् परिणामांसाठी एकोणिसाव्या शतकात मांडलेला संबंध या व्यापक नियमाचा एक विशेष प्रकार ठरला. काही लेखक या नियमाला ऊष्मागतिकीचा चौथा नियम म्हणतात.

हेच संशोधन त्यांनी त्रोनहाइमच्या आपल्या जुन्या संस्थेकडे डॉक्टरेटसाठी सादर केले होते. ते पुरेसे परिपूर्ण नाही असे ठरवून पदवी देण्यात आली नाही. सदतीस वर्षांनी नोबेल पारितोषिक याच कार्यासाठी जाहीर झाले. संस्थेने त्यापूर्वी, १९६० मध्ये, त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देऊन जुनी चूक निस्तरली होती.

येल विद्यापीठ

आर्थिक मंदीच्या काळात ब्राउन विद्यापीठाला त्यांची जागा चालू ठेवणे शक्य झाले नाही. १९३३ चा उन्हाळा ऑन्सागर यांनी युरोपात काढला. विद्युत् रसायनशास्त्रज्ञ हान्स फाल्केनहागेन यांच्याकडे गेले असता त्यांची भेट फाल्केनहागेन यांची मेहुणी मार्गरेट (ग्रेटल) आर्लेडर हिच्याशी झाली. आठ दिवसांत विवाह ठरला व ७ सप्टेंबर १९३३ रोजी तो झाला. या दांपत्याला तीन मुलगे व एक मुलगी झाली.

त्याच वर्षी येल विद्यापीठाने त्यांना स्टर्लिंग अधिछात्रवृत्ती दिली. ही अधिछात्रवृत्ती डॉक्टरेट मिळविलेल्यांसाठी होती आणि ऑन्सागर यांच्याकडे ती पदवीच नव्हती, हे नंतर लक्षात आले. प्रसिद्ध झालेले कोणतेही संशोधन प्रबंध म्हणून सादर करावे, असे त्यांना सुचविण्यात आले. पण त्यांनी मातिओ समीकरणाच्या उत्तरांवर नवा प्रबंध लिहिला. रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र विभागांतील परीक्षकांना तो उमगला नाही. गणित विभागातील आइनार हिल यांना मात्र तो इतका आवडला, की रसायनशास्त्र विभाग पदवी देत नसेल तर गणित विभाग आनंदाने देईल, असे कळविण्यात आले. १९३५ मध्ये रसायनशास्त्राचीच डॉक्टरेट त्यांना मिळाली. १९४५ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि त्याच वर्षी जे. विलर्ड गिब्ज यांच्या नावाच्या सैद्धांतिक रसायनशास्त्राच्या प्राध्यापकपदी त्यांची नियुक्ती झाली.

१९३६ मध्ये त्यांनी ध्रुवीय द्रवांच्या विद्युत् अपार्यतेचा सिद्धांत मांडला. त्यात डिबाय यांच्या जुन्या सूत्राची मर्यादा दाखविलेली होती. डिबाय यांनी तो निबंध आपल्या नियतकालिकासाठी नाकारला. तो अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

द्विमितीय आयसिंग प्रतिमान

लोह तापविले असता ठराविक तापमानाला त्याचे चुंबकत्व नाहीसे होते आणि थंड केल्यावर परत येते. याचे सर्वांत साधे प्रतिमान विल्हेल्म लेंझ यांनी १९२० मध्ये सुचविले. जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक सूक्ष्म चुंबक असून तो वर किंवा खाली अशा दोनच दिशांना तोंड करू शकतो, आणि शेजारी चुंबक एकाच दिशेला असतील तर ऊर्जा कमी होते, एवढेच त्यात गृहीत धरले आहे. लेंझ यांचे विद्यार्थी एर्न्स्ट आयसिंग यांनी एका रेषेतील चुंबकांसाठी हे गणित सोडविले. शून्याहून अधिक कोणत्याही तापमानाला रेषेत क्रमबद्धता टिकत नाही, असे उत्तर आले. त्रिमितीतही तसेच असेल असा आयसिंग यांचा कयास होता, आणि तो चुकीचा होता. रूडोल्फ पायर्ल्स यांनी १९३६ मध्ये युक्तिवादाने दाखविले, की प्रतलात मात्र पुरेशा कमी तापमानाला क्रमबद्धता टिकली पाहिजे.

यात केवळ एका प्रतिमानाचा प्रश्न गुंतलेला नव्हता. सांख्यिकीय यामिकीची सूत्रे अत्यंत गुळगुळीत फलनांची बेरीज करतात. अशा बेरजेतून उकळणे, गोठणे किंवा चुंबकत्व येणे यांसारखा धारदार बदल निघू शकतो का, याविषयी त्या काळी खरीखुरी शंका होती. १९३७ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे व्हान डर वाल्स यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भरलेल्या परिषदेत या प्रश्नावर चक्क मतदान घेण्यात आले आणि कौल निर्णायक ठरला नाही. उत्तर होकारार्थी नसेल, तर पदार्थाच्या अवस्था समजावून सांगण्यास ही विद्याशाखा अपुरी आहे असेच ठरले असते.

१९४१ मध्ये हेंड्रिक क्रेमर्स व ग्रेगरी व्हानिये यांनी चौरस जाळीसाठी संक्रमणाचे तापमान एका सममितीच्या आधारे शोधून काढले. मात्र संक्रमण एकच आहे हे गृहीत धरून. ऑन्सागर यांनी वेगळा मार्ग धरला. दोन, तीन, चार अशा वाढत्या रुंदीच्या पट्ट्यांसाठी त्यांनी गणित पूर्ण केले, उत्तरांतील आकृतिबंध ओळखला, आणि त्यामागील बीजगणित उकलून अमर्याद रुंदीच्या जाळीचे अचूक उत्तर मिळविले. २८ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्क येथील सभेत व्हानिये यांच्या भाषणानंतरच्या चर्चेत त्यांनी हा निष्कर्ष जाहीर केला. संपूर्ण निबंध १९४४ मध्ये फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महायुद्ध संपल्यावर, मधल्या काळात सैद्धांतिक भौतिकीत काय घडले असे हेंड्रिक कासिमिर यांनी विचारले, तेव्हा वोल्फगांग पाउली यांनी ऑन्सागर यांच्या या उत्तराखेरीज फारसे काही नाही अशा आशयाचे उत्तर दिल्याचे सांगतात.

शेजारी चुंबकांच्या जोडणीची ऊर्जा एक मानली व त्याच एककात तापमान मोजले, तर चौरस जाळीचे संक्रमण सुमारे २.२६९ या मूल्याला होते. प्रत्येक चुंबकावर इतरांचा सरासरी परिणाम धरणारा जुना माध्यक्षेत्र सिद्धांत हेच मूल्य ४ देतो. चुका केवळ आकड्यातच होत्या असे नाही. जुन्या सिद्धांतानुसार संक्रमणाच्या वेळी विशिष्ट उष्णता एका पायरीने बदलायला हवी होती. अचूक उत्तरात ती संक्रमणाच्या दोन्ही बाजूंनी लघुगणकीय रीतीने अनंताकडे जाते. म्हणजे संक्रमणाजवळ चुंबकांमधील चढउतार हीच मुख्य गोष्ट असते आणि सरासरी घेताना नेमकी तीच हरवते.

स्वयंस्फूर्त चुंबकनाचे सूत्र

१९४४ च्या निबंधात एक महत्त्वाचा भाग नव्हता. क्रमबद्ध अवस्थेत चुंबकन नेमके किती असते, याचे उत्तर त्यात नव्हते. ऑगस्ट १९४८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील एका परिषदेत ऑन्सागर यांनी फळ्यावर त्याचे सूत्र लिहिले. पुढील वर्षी फ्लॉरेन्स येथील परिषदेत, दुसऱ्याच्या निबंधावर बोलताना, ते पुन्हा सांगितले. सिद्धता त्यांनी प्रसिद्ध केली नाही. ब्रुरिया कॉफमन यांच्याबरोबर ते या प्रश्नावर काम करीत होते आणि सूत्र त्यांनी मिळविलेले होते. परंतु त्यासाठी लागणाऱ्या विशिष्ट निर्धारकांचा सर्वसाधारण सिद्धांत गणिती काटेकोरपणाने बसविण्यात ते गुंतले. ही समस्या गणितज्ञांपर्यंत पोहोचली व गाबोर सेगो यांनी ती सोडविली. त्यानंतर ऑन्सागर यांनी आपली सिद्धता छापण्याची तसदी घेतली नाही. पहिली प्रसिद्ध सिद्धता चेन निंग यांग यांची, १९५२ मधील. कॉफमन यांनी १९४९ मध्ये मूळ उत्तराची बरीच सुबोध मांडणी दिली, व बहुतेक वाचक याच वाटेने या विषयात शिरले.

सूत्रानुसार संक्रमणाच्या तापमानाजवळ चुंबकन हे तापमानातील अंतराच्या एक-अष्टमांश घाताप्रमाणे बदलते. माध्यक्षेत्र सिद्धांतात हा घात एक-द्वितीयांश आहे. लहान घात म्हणजे संक्रमण ओलांडताच चुंबकन फार झपाट्याने वाढते. क्रांतिक घातांक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राशींच्या अभ्यासाला येथून दिशा मिळाली.

स्तरित स्फटिकांतील पडताळा

सपाट जाळी ही बराच काळ केवळ गणिती कल्पना मानली जात होती. निसर्गातील स्फटिक त्रिमितीय असतात. परंतु काही स्फटिकांत चुंबकीय आयन थरांमध्ये मांडलेले असून दोन थरांच्या मध्ये अचुंबकीय अणूंचे थर असतात. थरातल्या थरात जोडणी बळकट व थराथरांतील अत्यंत क्षीण, अशी स्थिती असेल तर प्रत्येक थर जवळजवळ स्वतंत्रपणे वागतो. पोटॅशियम, कोबाल्ट व फ्लुओरीन यांचे एक संयुग आणि त्यात पोटॅशियमऐवजी रुबिडियम असलेले संयुग ही त्याची उत्तम उदाहरणे. त्यांतील कोबाल्टचे चुंबक थराला लंब दिशेनेच वर वा खाली राहू पाहतात, म्हणजे आयसिंग प्रतिमानाची अट जवळपास पाळतात. शेजारी चुंबक येथे परस्परविरुद्ध दिशांना असतात (प्रतिलोहचुंबकत्व); तथापि बाह्य क्षेत्र नसताना चौरस जाळीवर गणित तेच राहते. पहिल्या संयुगात संक्रमण सुमारे १०७ केल्विनला व दुसऱ्यात सुमारे १०३ केल्विनला होते. १९७० च्या दशकात न्यूट्रॉन प्रकीर्णन, विशिष्ट उष्णता व इतर मापनांतून मिळालेले आलेख ऑन्सागर यांच्या सूत्रांशी उत्तम जुळले.

चुंबकांना कोणत्याही दिशेला वळण्याची मोकळीक असेल, तर चित्र पालटते. अशा सपाट थरात शून्याहून अधिक तापमानाला क्रमबद्धता येऊच शकत नाही, हे डेव्हिड मर्मिन व हर्बर्ट वाग्नर यांनी १९६६ मध्ये सिद्ध केले. तांब्याच्या आयनांपासून बनलेले स्तरित रेण्वीय चुंबक बहुतांशी या वर्गात मोडतात. सजल कॉपर फॉर्मेटात तांब्याचे आयन फॉर्मेट गटांनी एका थरात जोडलेले असतात आणि थरांमध्ये पाण्याचे रेणू असतात. थरातील जोडणीची ऊर्जा सुमारे ७० केल्विनच्या तोडीची असूनही हा स्फटिक क्रमबद्ध होतो तो सुमारे १७ केल्विनला, आणि तेही थराथरांतील नाममात्र जोडणीच्या व दिशात्मक पसंतीच्या साहाय्याने. थर किती प्रमाणात आयसिंगसारखा आहे, हा प्रश्न त्यामुळे अशा पदार्थांत कळीचा ठरतो.

लोह, फॉस्फरस व गंधक यांच्या स्तरित संयुगाचा एकच थर सोलून काढला तरी त्यातील क्रमबद्धता जवळपास त्याच तापमानापर्यंत टिकते, असे २०१६ मध्ये आढळले. २०१७ मध्ये क्रोमियम ट्रायआयोडाइडाच्या एका थरात सुमारे ४५ केल्विनपर्यंत लोहचुंबकत्व दिसले. त्रिमितीय आयसिंग प्रतिमानाचे अचूक उत्तर मात्र अद्याप मिळालेले नाही.

नीच तापमानावरील अन्य कार्य

फ्लॉरेन्सच्या त्याच परिषदेत ऑन्सागर यांनी चर्चेच्या ओघात आणखी एक गोष्ट सांगितली. अतिप्रवाही हेलियम फिरविले असता त्यात भोवरे तयार होतात आणि त्यांचे अभिसरण प्लांक स्थिरांकाला हेलियम अणूच्या वस्तुमानाने भागून येणाऱ्या राशीच्या पूर्ण पटींतच असते, असे ते विधान होते. रिचर्ड फाइनमन याच निष्कर्षाला पुढे स्वतंत्रपणे पोहोचले. १९५१-५२ मध्ये केंब्रिज येथे डेव्हिड शोनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत असताना त्यांनी अवघ्या काही पानांचा निबंध लिहून एक जुने कोडे सोडविले. नीच तापमानाला चुंबकीय क्षेत्र वाढवीत नेले असता धातूंचे चुंबकत्व आंदोलने करते (डी हास-व्हान आल्फेन परिणाम). या आंदोलनांवरून धातूतील इलेक्ट्रॉनांच्या फर्मी पृष्ठाचे छेद मोजता येतात, हे त्यांनी दाखविले. धातूंच्या इलेक्ट्रॉनीय रचनेचे नकाशे त्यानंतर याच रीतीने काढले गेले.

लांबट कणांचे द्रावण पुरेसे दाट झाल्यावर कण आपोआप समांतर होतात, हा द्रव स्फटिकांविषयीचा सिद्धांत आणि संक्षुब्ध प्रवाहातील ऊर्जावाटपाचा नियम, ही त्यांची १९४० च्या दशकातील आणखी दोन कामे. संक्षुब्धतेचा नियम आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी आधी शोधलेला होता. ऑन्सागर यांनी तो स्वतंत्रपणे मिळविला. आपले निष्कर्ष सविस्तर न छापता चर्चेत, पत्रात वा फळ्यावर मांडून सोडून देण्याच्या सवयीमुळे त्यांचे श्रेय अनेकदा उशिरा मिळाले. काही वेळा त्याचा इतरांना फटकाही बसला : महिनोन्‌महिने खपून काढलेले उत्तर ऑन्सागर यांना पूर्वीच ठाऊक होते, असे निघे.

सन्मान व अखेरची वर्षे

त्यांना १९५३ मध्ये रमफर्ड पदक, १९५८ मध्ये लॉरेन्ट्स पदक आणि १९६८ मध्ये नोबेल पारितोषिकाबरोबरच अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. १९७२ मध्ये वयोमर्यादेनुसार ते येलमधून निवृत्त झाले. निवृत्तांना संशोधन अनुदानाचे प्रमुखपद देण्यास येलचे नियम आड येत असल्याने त्यांनी फ्लॉरिडातील मायामी विद्यापीठाच्या सैद्धांतिक अध्ययन केंद्रात काम सुरू केले. या काळात बर्फातील प्रोटॉनांची हालचाल व जैवभौतिकी यांत त्यांना विशेष रस होता. ५ ऑक्टोबर १९७६ रोजी कोरल गेबल्स येथे त्यांचे निधन झाले.

न्यू हेवन येथील ग्रोव्ह स्ट्रीट दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. शेजारी येलमधील सहकारी जॉन कर्कवुड यांची कबर असून तिच्यावर त्यांच्या सन्मानांची लांबलचक यादी कोरलेली आहे. ऑन्सागर यांच्या शिळेवर गिब्ज प्राध्यापक व नोबेल पारितोषिक विजेते एवढाच उल्लेख होता. १९९१ मध्ये ग्रेटल यांच्या निधनानंतर मुलांनी त्यापुढे एक तारांकन आणि तळाशी इत्यादी या अर्थाची टीप कोरून घेतली.

अमेरिकन फिजिकल सोसायटी सांख्यिकीय भौतिकीतील कार्यासाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक देते. १९९५ मध्ये ते प्रथम मायकेल फिशर यांना मिळाले. ऑन्सागर यांचे समग्र शोधनिबंध १९९६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांची हस्तलिखिते व पत्रे त्रोनहाइमच्या विद्यापीठात जतन केलेली आहेत.